राखीगढीचा एक सांगाडा आणि संस्कृत कोशाच्या एक कोटी चिठ्ठ्या: डेक्कन कॉलेजचे संशोधन कसे वाचावे?

प्रश्न: इतिहासशिक्षक, कराड

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधनाविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते, त्याची कात्रणे मी वर्गात दाखवतो. पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत कोशशास्त्र हे या अभिमत विद्यापीठाचे मुख्य विषय आहेत, आणि या तीन विभागांच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या की विद्यार्थी फार अवघड प्रश्न विचारतात. तेच प्रश्न येथे मांडतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील डीएनएविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. 'आर्यांच्या स्थलांतराचा सिद्धांत कायमचा निकालात निघाला' असे एका वर्तमानपत्राने छापले, तर त्याच आठवड्यात दुसऱ्याने नेमके उलटे छापले. एका माणसाच्या हाडावरून एवढ्या मोठ्या संस्कृतीविषयी काही सांगता येते का, आणि येत असल्यास एकाच संशोधनातून दोन विरुद्ध बातम्या कशा निघतात?

दुसरा प्रश्न संस्कृतच्या महाकोशाचा आहे. १९४८ साली सुरू झालेल्या या कोशाचे पस्तीसच्या आसपास खंड निघूनही काम अजून 'अ' या अक्षरातच आहे, हे ऐकून वर्गात हशा पिकला. मी त्यांना गप्प केले खरे, पण तो हशा अगदीच अनाठायी होता असे म्हणवत नाही. पिढ्यान् पिढ्या संपतच नाही अशा कामाला संशोधन म्हणून कोणत्या कसोटीवर जोखायचे?

उत्तर: खापरी

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी होतो, म्हणून पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो.

राखीगढी हरियाणातील हिसार जिल्ह्यात आहे. तेथील दफनभूमीचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या पथकाने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली केले. प्राचीन डीएनए काढण्याचे आणि वाचण्याचे काम मात्र हैदराबाद, लखनौ आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील प्रयोगशाळांशी संबंधित शास्त्रज्ञांनी केले. बातमीत 'डेक्कन कॉलेजचे संशोधन' एवढेच येते, त्यामुळे ही विभागणी वाचकाच्या लक्षात येत नाही. सांगाडा कोणत्या थरात होता, त्याच्याजवळ कोणती मडकी होती आणि त्याचा काळ कोणता, हे उत्खनकाने सांगायचे असते, आणि जनुकीय निष्कर्षाचा अर्थ त्या नोंदींच्या आधारानेच लागतो. या स्त्रीचा काळ इ.स.पू. २८०० ते २३०० असा धरला आहे, तोही दफनाच्या पुरातत्त्वीय संदर्भावरून.

एकच सांगाडा का, याचे कारण आपल्याकडचे हवामान हे आहे. उष्ण आणि दमट हवेत हाडांतील डीएनए टिकत नाही. राखीगढीच्या ६१ नमुन्यांची तपासणी झाली आणि त्यांतला एकच कामाचा निघाला. कवटीत अंतर्कर्णाभोवती जे अत्यंत घट्ट हाड असते, त्यात डीएनए टिकण्याची शक्यता सर्वाधिक असते. या स्त्रीच्या त्या हाडातूनही फार थोडे मिळाले, म्हणून तोच नमुना पुन्हा पुन्हा वाचून माहिती जुळवावी लागली.

एवढ्याशा पुराव्यावर निबंध उभा कसा राहिला, हा आपला खरा प्रश्न आहे. तो एकटा उभाच नव्हता. तुर्कमेनिस्तानातील गोनुर आणि पूर्व इराणमधील शहर-ए-सोख्ता या प्राचीन नगरांत अशी ११ माणसे आधीच आढळली होती, ज्यांचा जनुकीय वारसा तेथील इतर रहिवाशांहून वेगळा होता. या नगरांचा सिंधू संस्कृतीशी व्यापार होता हे वस्तूंवरून माहीत होते, तेव्हा ही ११ माणसे सिंधूच्या प्रदेशातून तेथे गेलेली असावीत असा तर्क होता. राखीगढीच्या स्त्रीचा वारसा त्यांच्याशी जुळला आणि तर्काला प्रत्यक्ष सिंधू संस्कृतीच्या भूमीतला आधार मिळाला. म्हणजे नमुना एकच असला तरी तो बाराव्या साक्षीदारासारखा होता. तरीही सिंधू संस्कृतीचा प्रदेश एवढा विस्तीर्ण आहे की सिंधपासून गुजरातपर्यंत सगळे लोक याच वारशाचे होते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

आता दोन विरुद्ध बातम्यांकडे येतो. 'सेल' या नियतकालिकातील राखीगढीच्या निबंधात दोन निष्कर्ष होते. या स्त्रीच्या वारशात गवताळ स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा, म्हणजे आर्यांचे स्थलांतर मानणारे ज्यांच्याशी आर्यांचे नाते जोडतात त्यांचा, अंश नाही, हा पहिला. तिच्यातील इराणी गटांशी नाते सांगणारा वारसा पश्चिम आशियातील शेतीच्या उदयापूर्वीच वेगळा झालेला होता, हा दुसरा. त्यामुळे पश्चिमेकडून मोठ्या संख्येने आलेल्या शेतकऱ्यांनी येथे शेती आणली, ही कल्पना मागे पडते. त्याच सुमारास 'सायन्स'मध्ये ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरील निबंध आला. स्टेपचा वारसा दक्षिण आशियात इ.स.पू. २००० ते १५०० या काळात आला, असे त्यात म्हटले होते. हे दोन निबंध एकमेकांना छेद देत नाहीत. जो वारसा इ.स.पू. २००० नंतर आला, तो त्याआधी मरण पावलेल्या स्त्रीमध्ये सापडणार कसा? दोन्ही निबंधांचे कित्येक लेखक सामायिक आहेत, आणि शिंदे यांचे नावही दोन्हींत आहे. विरोध निर्माण झाला तो निबंध सोडून पत्रकार परिषदेतील विधानांवर मथळे बेतल्यामुळे, कारण तेथे निबंधात नसलेले दावे केले गेले होते. विद्यार्थ्यांना कात्रणासोबत निबंधाचा सारांशही दाखवावा. तो एका परिच्छेदाचा असतो आणि बहुतेक वेळा विनामूल्य वाचता येतो.

उत्तर: टिपणवही

कोशाविषयी मी लिहिते. माझा संस्कृतचा अभ्यास आहे आणि कामानिमित्त त्या चिठ्ठ्यांचे कपाट उघडण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे.

आधी हशाबद्दल. हा शब्द आणि त्याचा अर्थ एवढेच देणारा कोश असता तर तो केव्हाच संपला असता. हा ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेला कोश आहे. एखादा शब्द सर्वांत आधी कोठे आला, तेथे त्याचा अर्थ काय होता, पुढे व्याकरणात, वैद्यकात, न्यायशास्त्रात आणि काव्यात तो कसा बदलला, हे मूळ वाक्यांच्या आधारे कालक्रमाने द्यायचे असते. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये योजना आखली. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे एकही पान न छापता ऋग्वेदापासून अगदी अलीकडच्या शतकांपर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ वाचून उतारे काढण्याचे काम चालले होते. त्यातून जमलेल्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, संदर्भ आणि उतारा असतो. पहिला खंड अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून निघू लागला.

अशा कामांचा वेग बाहेरही असाच असतो. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची कल्पना १८५७ ची, आणि पहिली आवृत्ती पूर्ण झाली १९२८ मध्ये. पुण्यातच भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पुरी केली. त्यातही 'अ' हे संस्कृतमधले नाठाळ अक्षर आहे. अभावदर्शक 'अ' आणि 'अन्' लावून झालेले असंख्य शब्द तर आहेतच, शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि आणि अव हे उपसर्गही तेथेच येतात.

उत्तर: हिशेबी माणूस

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली, परंतु कोशाच्या बाबतीत मला ती पुरेशी वाटत नाहीत.

ऑक्सफर्डचा कोश एकाहत्तर वर्षांत 'झेड'पर्यंत पोहोचला. येथे त्याहून अधिक वर्षे गेली आहेत आणि आपण 'अ'मध्येच आहोत. 'अ' मोठे आहे हे मान्य. पण किती मोठे? मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची १८९९ ची आवृत्ती काढून पाहिली, तर तेराशेहून अधिक पानांपैकी 'अ'ने सुमारे सव्वाशे पाने घेतली आहेत. म्हणजे हे अक्षर भाषेचा साधारण दहावा हिस्सा आहे. छपाई सुरू झाल्यापासून अर्धे शतक लोटले आणि दहावा हिस्साही संपलेला नाही. याच गतीने पुढे गेल्यास हे काम पाचशे वर्षे चालेल, आणि याला केवळ विद्वत्तेचा संयम म्हणणे मला पटत नाही. यात रिक्त पदे आहेत, तुटपुंजे अनुदान आहे, आणि निवृत्त झालेल्या संपादकाच्या जागी तेवढ्याच तयारीचा माणूस न मिळणे आहे. अशी पोकळी कोणत्याही सार्वजनिक संस्थेत दिसते.

माझे म्हणणे इतकेच आहे की छापील खंड हे या कामाचे एकमेव फळ मानू नये. चिठ्ठ्यांची छायाचित्रे, जशी आहेत तशी, कच्ची, संपादन न केलेली, लोकांना पाहता आली पाहिजेत. चुका असतील तर असोत.

उत्तर: टिपणवही

हिशेबी माणूस यांचा हिशेब मला खोडता येत नाही. पाचशे वर्षांचा आकडा मी स्वतः कधी मांडला नव्हता आणि मांडावासा वाटलाही नसता. कच्च्या चिठ्ठ्या खुल्या करण्यात एक अडचण मात्र आहे. जुन्या चिठ्ठ्यांतील उतारे त्या काळी उपलब्ध असलेल्या आवृत्त्यांतून घेतलेले आहेत. त्यांतल्या काही ग्रंथांच्या आता अधिक शुद्ध आवृत्त्या निघाल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी छापण्यापूर्वी मूळ ग्रंथाशी ताडून पाहावी लागते. संपादनाचा निम्मा वेळ त्यातच जातो. तरीही 'सावधान, हे कच्चे साहित्य आहे' अशी पाटी लावून ते खुले करावे, या मताची मी आहे. चिठ्ठ्यांच्या अंकीकरणाचे काम सुरू झालेले आहे, तेव्हा ही मागणी आता अवास्तव राहिलेली नाही.

उत्तर: खापरी

या चर्चेत मी पुन्हा येतो, कारण आमच्या विषयातल्या एका प्रकरणात हा कोश नसल्याची उणीव थेट जाणवते.

उदयपूरजवळच्या बालाथल या ताम्रपाषाणयुगीन स्थळाचे उत्खनन वि. ना. मिश्र यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात झाले. तेथे एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा मिळाला. तो दगडी तटबंदीच्या आत, जळालेल्या शेणाच्या राखेच्या थरात पुरलेला होता. सांगाडा संस्थेच्या संग्रहात राहिला. पुढे अमेरिकन आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा नाकाभोवतीच्या आणि वरच्या जबड्याच्या हाडांतील झीज कुष्ठरोगाची असल्याचे त्यांना दिसले. २००९ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये तो निबंध आला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा हा पुरुष भारतातील कुष्ठरोगाचा सर्वांत जुना अस्थिपुरावा ठरला.

येथवर सर्व ठीक आहे. पण त्या निबंधात या दफनाचा संबंध अथर्ववेदाशीही जोडला आहे, आणि तेथे मला थांबावेसे वाटते. अथर्ववेदात 'कुष्ठ' शब्द येतो, पण तो एका औषधी वनस्पतीचे नाव म्हणून येतो, आणि ती 'तक्मन्' नावाच्या तापावर वापरायची आहे. त्वचेवरील पांढऱ्या डागांसाठी त्या संहितेत 'किलास' हा शब्द आहे. सुश्रुतसंहितेपर्यंत आलो की 'कुष्ठ' हे अठरा त्वचारोगांच्या वर्गाचे नाव झालेले दिसते. आजच्या महारोगाशी त्यांतल्या कोणत्या प्रकाराचे नाते लावायचे, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. वनस्पतीपासून रोगवर्गापर्यंतचा हा प्रवास कोणत्या शतकांत झाला, हे ठरवायचे असेल तर ऐतिहासिक तत्त्वांवरचा कोशच लागतो. हा कोश 'क'पर्यंत पोहोचायला, वरच्या हिशेबाने, माझ्या पणतवंडांचाही काळ उलटून जाईल. तोवर एकच उपाय उरतो, तो म्हणजे येरवड्याला जाऊन 'कुष्ठ'च्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागणे. हाडे आणि चिठ्ठ्या एकाच आवारात आहेत, पण दोन्हींकडे जाणारे लोक क्वचितच एकमेकांकडे जातात, ही माझी जुनी तक्रार आहे.

म्हणून शिक्षकमहोदयांच्या कसोटीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की निष्कर्षापेक्षा संग्रह पाहावा, आणि त्या संग्रहाचा पुढच्या माणसाला किती उपयोग होतो हे पाहावे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून तेथे अनेक हंगाम उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील त्या वस्तीत दोनशेहून अधिक दफने मिळाली, आणि त्यांत बालकांची संख्या मोठी होती. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत मूल ठेवायचे आणि घराच्या जमिनीखाली पुरायचे, अशी ती रीत होती. उत्खनन झाले तेव्हा कुतूहल होते ते या रीतीचे, आणि मोठ्या माणसांची पावले घोट्यापासून का तोडत असावेत याचे. हवामान कोरडे होत गेल्यावर शेती घटली आणि मुलांची वाढ खुंटली का, हा प्रश्न त्याच अस्थींना पुढच्या पिढीतील संशोधकांनी विचारला. मुलांच्या वयाचा अंदाज दातांवरून आणि वाढीचा अंदाज लांब हाडांवरून घेऊन त्यांची तुलना करता आली, कारण प्रत्येक दफनाची जागा, थर आणि काळ नीट नोंदलेला होता. नोंदी ढिल्या असत्या तर त्या अस्थींची गोणी कवडीमोल झाली असती.

प्रश्नकर्त्याची पुरवणी: इतिहासशिक्षक, कराड

सर्वांचे आभार. संग्रहाची कसोटी मला वर्गात वापरता येईल. फक्त तिसऱ्या विभागाविषयी कोणी लिहिले नाही. डेक्कन कॉलेजात मराठीच्या बोलींचे नव्याने सर्वेक्षण झाले असे वाचले. ब्रिटिश काळातील भाषाभ्यासक ग्रियर्सन यांनी ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेले असताना पुन्हा का करायचे?

उत्तर: बोलीवेडा

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ चा आहे. त्यांची मुख्य पद्धत अशी होती की बायबलमधील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे स्थानिक बोलीतील भाषांतर जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांमार्फत मागवायचे. त्यातून मौल्यवान नमुने मिळाले, पण ते बहुधा लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाने कागदावर केलेले भाषांतर होते. बोलणारा कोण होता, त्याचे वय किती, तो कोणत्या जातीचा, पुरुष की स्त्री, हे कळायला मार्ग नव्हता. त्यानंतरचे मोठे काम १९६० च्या दशकातील घाटगे यांच्या बोलीविषयक पुस्तिकांचे. कुडाळी, ठाण्यातील वारली, कासरगोडची मराठी अशी एकेका बोलीची वर्णने त्यांत आहेत. टिपणवही यांनी कोशाच्या संदर्भात ज्यांचे नाव घेतले, तेच हे घाटगे. संस्कृतच्या चिठ्ठ्या आणि वारलींची बोली या दोन्हींवर एकाच माणसाने काम केल्याचे उदाहरण त्या आवारात आहे, हे खापरी यांच्या तक्रारीला थोडे उत्तर म्हणून नोंदवतो.

नवे सर्वेक्षण राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने २०१७ च्या सुमारास सुरू झाले. त्याचा मुख्य फरक असा की बोलीचे नाव आधी गृहीत धरून तिचे वर्णन केलेले नाही. राज्यभर गावे निवडून, प्रत्येक गावातील वेगवेगळ्या वयाच्या आणि समाजांतील स्त्री-पुरुषांना तेच प्रश्न विचारून ध्वनिमुद्रण केले, आणि मग शब्द व व्याकरणाची रूपे नकाशावर मांडली. असे केले की बोलींच्या सीमा आपण समजतो तशा रेघेसारख्या नसतात, हे दिसते. मुलासाठी 'झील' आणि मुलीसाठी 'चेडू' म्हणणारा मालवणी पट्टा वेगळा काढता येतो. पण विदर्भातील 'मी जाऊन राहिलो' या रूपाची सीमा आणि एखाद्या घरगुती वस्तूच्या नावाची सीमा एकमेकींवर बसतीलच असे नाही. 'अहिराणी कोठे संपते आणि वऱ्हाडी कोठे सुरू होते' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. ज्या रूपाविषयी विचाराल, त्या रूपापुरते उत्तर मिळेल.

हे साहित्य संकेतस्थळावर नकाशांसह आणि ध्वनिमुद्रणांसह सर्वांना खुले आहे. हिशेबी माणूस यांनी कोशासाठी जी मागणी केली, ती येथे पूर्ण झालेली आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी कराड परिसरातील नोंदी ऐकाव्यात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तेच प्रश्न विचारून फरक टिपावेत. एक दक्षता मात्र घ्यावी. नकाशावर आपल्या गावाजवळ एखादा शब्द दिसला नाही, तर तेथे ज्या मोजक्या लोकांना विचारले त्यांच्याकडून तो आला नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. वडीलधाऱ्यांचे उत्तर टिपताना त्यांचे वय आणि माहेरचे गाव जरूर लिहावे. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या आजीच्या तोंडचा शब्द कोणत्या गावच्या खात्यावर मांडायचा, यावर आमच्या विषयात बरीच भांडणे झालेली आहेत.